रागावलेलं वांगं

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला त्याला तीन आठवडे झाले. पट्टी सोडली तेव्हा सुनेनं काळजीनं विचारलं, "आई, दिसतंय ना?" मी म्हटलं, "दिसतंय तर. तुझ्या केसांत एवढे पांढरे झालेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं." तेव्हापासून ती माझ्या डोळ्यात औषध जरा उंचावरून टाकते.

पण एक गंमत झाली आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. उजवा मिटून डाव्यानं भिंत पाहिली की ती नीळ दिलेल्या धोतरासारखी दिसते. डावा मिटून उजव्यानं पाहिली की तीच भिंत जुन्या तुपासारखी पिवळट. दिवसभर माझा हाच खेळ चाललेला असतो. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळे मारते, असं नातीनं शेजारी सांगून ठेवलंय. शेवटी परवा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलंच, "यातला भिंतीचा खरा रंग कोणता?" ते म्हणाले, "दोन्ही खरेच, आजी. भिंत तीच आहे, डोळे वेगळे."

मी गप्प बसले की घरातली माणसं घाबरतात, त्यामुळे रिक्षात सुनेनं दोनदा माझी नाडी पाहिली. नाडी ठीक होती. पण साधारण हेच उत्तर साठाहून जास्त वर्षांपूर्वी, अमरावतीला, माझ्यासमोर एका माणसानं दिलं होतं. डॉक्टरांचं कौतुक झालं. त्या माणसाची नोकरी गेली. ती घालवण्यात माझा हात होता. हात कसला, जीभ होती.

गावंडे मास्तर आमच्या मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. मूळचे हिवरखेडकडचे, कास्तकाराच्या घरातले. मुंबईला चित्रकलेच्या शाळेत तीन वर्षं राहून परत आले होते. घरच्यांना वाटलं होतं पोरगा शिकून तहसीलदार होईल, आणि तो ब्रश घेऊन आला, असं ते स्वतःच सांगायचे. उंच, वाळलेले, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखे. काळा कोट, धोतर आणि एक टोपी. त्या टोपीचा मूळचा रंग कोणता यावर आमच्या वर्गात पैजा लागत, कारण विचार करताना रंगाच्या बोटांनी टोपी मागे सारायची त्यांना सवय होती, आणि विचार ते फार करत.

आमच्या मोठ्या बाई पुण्याच्या. वऱ्हाडी बोली त्यांच्या कानाला टोचायची. वर्गात शिक्षकांनी शुद्ध बोलावं असा त्यांनी हुकूमच काढला होता. मास्तर तो अगदी मनापासून पाळत. बाई व्हरांड्यातून येताना दिसल्या की ते ताठ होत आणि म्हणत, "मुलींनो, आपण आता वांगे पाहून राहिलो आहोत." बाई पुढे गेल्या की मोकळा श्वास टाकत. "हं. आता पाहा वं."

आम्ही हसून लोळत असू. सगळ्यात जास्त मी. मी वकिलाची मुलगी, नाव इंदू, इंग्रजी तिसरीत, वय तेरा, आणि अक्कल साधारण पाच वर्षांची. आमच्या घरात पुस्तकी बोललं जायचं, म्हणून मी स्वतःला फार शहाणी समजायची. आई मात्र भाजीवालीशी भांडताना अस्सल वऱ्हाडीत भांडायची, कारण पुस्तकी भाषेत भांडण रंगत नाही. हे मला दिसायचं, पण मी तिकडे काणाडोळा करायची. डोळ्यांशी माझं तेव्हापासूनच असं आहे.

तर ते वांगं. एकदा मास्तरांनी टेबलावर एक भरताचं वांगं ठेवलं आणि रंगवायला सांगितलं. सगळ्या मुलींनी जांभळं रंगवलं. मी मुद्दाम लालभडक रंगवलं, तेही देठासकट. मास्तर रागावतील, वर्ग हसेल, तास बुडेल, एवढाच बेत. मास्तर माझ्या कागदासमोर थांबले. टोपी मागे गेली.

"लाल काहून वं?"

मी उभी राहिले आणि तोंड वाकडं न करता म्हटलं, "ते रागावलंय, मास्तर."

"कोनावर?"

"भरताला आणलंय म्हणून."

वर्ग फुटला. पण मास्तर हसले नाहीत. त्यांनी ते वांगं उचललं, खिडकीत नेलं, उन्हात फिरवून पाहिलं, परत आणलं, माझ्या कागदाशेजारी ठेवलं आणि कितीतरी वेळ दोन्हींकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बराबर हाये. रागावनारच थे." कागदावर सही केली आणि तो वर्गाच्या भिंतीवर लावला.

अशा रीतीनं माझ्या वात्रटपणाला कला समजण्यात आलं. पुढे वर्षभर मी त्या शाळेतली चित्रकार होते. मास्तरांना मनापासून वाटायचं की या पोरीला काहीतरी कळतं. मला एवढंच कळत होतं की माझं कौतुक होतंय, आणि ते मी बसल्या जागी चाटूनपुसून घेत होते.

त्यांचं एक वाक्य होतं. दिवसातून एकदा तरी यायचं. "रंग वस्तूचा नसते, पोरीहो, वक्ताचा असते." व्हरांड्याच्या कट्ट्यावर ते एक तांब्या ठेवून देत आणि सकाळी, दुपारी, शाळा सुटताना आम्हाला तोच तांब्या दाखवत. सकाळी तो पिवळा असे. दुपारी पांढरा. संध्याकाळी समोरच्या कौलांचा रंग त्यात उतरला की विटकरी. "तांब्या तोच हाये," ते म्हणत, "वक्त बदलला." आम्हाला शाळेतून पळायची घाई असायची.

मुंबईहून आणलेलं एक छापील चित्र त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. कुठल्याशा जर्मन पुस्तकातलं पान. एका शहरातला रस्ता, आणि तो गुलाबी. सपाट गुलाबी, गुढीच्या साखरगाठीसारखा. त्यावरून टोप्या घातलेल्या बाया चाललेल्या, त्यांचे चेहरे पिवळे-हिरवे, हात वेडेवाकडे, डोळे काळे. मध्ये एक लहान मुलगी, एकटी. मोठ्या बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "छपाई बिघडलेली दिसते." मास्तर म्हणाले, "होय बाई," आणि बाई गेल्यावर मला जवळ बोलावलं.

"हे पाह्य. एकमेकीले लागून चालून राह्यल्या, पन एक तरी दुसरीकडं पाहून राह्यली काय? भेव वाटते का नाई?"

मला खरंच भीती वाटली होती. म्हणून मी म्हटलं, "त्यांना कावीळ झालीय, मास्तर."

ते हसले. माझ्या प्रत्येक पाचकळपणात त्यांना काहीतरी खोल दिसायचं, ही त्या माणसाची एकच चूक.

त्या चैत्रात आमच्या घरच्या गौरीची आरास करायला मास्तरांना बोलावलं. मागे मोठा पडदा, त्यावर बाग, कारंजं आणि मोर. हे सुचवणारी मीच, कारण माझे मास्तर माझ्या घरी आले की शाळेत भाव वाढणार होता. हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारपर्यंत पडदा पुरा झाला नव्हता. बायका जमायला लागल्या तरी मास्तर पडद्याच्या एका कडेला मोराच्या मानेत अडकलेले. तिथून मागचं माजघराचं दार दिसायचं. त्या दारात आत्या होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. पंधराव्या वर्षी विधवा होऊन परत आली, ती आमच्याच घरी. सोवळी. केस काढलेले, अंगावर आलवण म्हणजे विधवेचं लाल लुगडं, डोक्यावरून पदर. त्या दिवशीची आंब्याची डाळ तिनं वाटलेली, पन्हं तिनं केलेलं, हरभरे तिनं भिजवलेले. पण हळदीकुंकवाला तिनं पुढे यायचं नाही, दाराशी उभं राहून तबकं पुढे सरकवायची. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. उन्हाळा गरम असतो तसंच ते होतं.

तिनं पडद्याच्या कडेनं मास्तरांना पन्ह्याचं भांडं दिलं आणि मान खाली घालूनच म्हणाली, "मास्तर, मोराची मान नुसती निळी नसते. वळली की जांभळी मारते."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडेच पाहत म्हणाले, "बराबर हाये, आत्याबाई. तुमाले रंग कळते." आणि मानेत जांभळा घातला.

आत्या लगेच आत गेली. त्या दिवशी तिनं डाळीत मीठ दोनदा घातलं. आमच्या घरात आत्याला काही कळतं असं याआधी कोणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

नवरात्रात शाळेत शारदोत्सव असायचा. गावातल्या बायका नटूनथटून यायच्या, मुलींची भरतकामं आणि चित्रं मांडलेली असायची. त्या वर्षी मास्तरांनी आपलंही एक चित्र मांडलं. आदल्या दिवशी ते भिंतीवर चढवताना मी खिळे धरून उभी होते.

चित्र चांगलं हातभर रुंद होतं. जमिनीवर गुलाबी जाजम, त्या जर्मन रस्त्यासारखं सपाट. त्यावर ओळीनं बसलेल्या बायका, नथी, हिरव्या बांगड्या, आणि चेहरेही हिरवे. पिवळट, कच्च्या कैरीच्या फोडीसारखे. कुंकवं काळपट. सगळ्या एकमेकींना लागून बसलेल्या आणि एकीचं दुसरीकडे लक्ष नाही. मागे पडदा, मोर. आणि अगदी मागे दारात एक बाई उभी, आलवण नेसलेली. एवढ्या मोठ्या चित्रात माणसाच्या कातडीचा रंग फक्त तिच्या चेहऱ्याला होता. आणि आलवणाचा लाल असा, की चित्रासमोर उभं राहिलं की डोळा पहिला तिथं जाऊन पडावा.

मी विचारलं, "बायका हिरव्या का, मास्तर?"

"आलवनाकडं पाह्य. शंभर म्हन. मंग भिंतीकडं पाह्य."

मी शंभर म्हटले. आलवणाकडे टक लावून पाहिलं आणि मग चुन्याच्या भिंतीकडे. भिंतीवर एक हिरवी बाई उभी राहिली. हलत होती. घरी गेल्यावर वाळत घातलेल्या आत्याच्या आलवणाकडे पाहूनही मी हे करून पाहिलं. तीच हिरवी. मास्तर म्हणाले होते, "तिच्याकडं पाह्यलं का बाकीच्या हिरव्याच दिसते. म्या काय करू?"

म्हणजे मला ठाऊक होतं. पुढचं सांगण्याआधी हे लिहून ठेवते, कारण नंतर मी स्वतःला फार वर्षं सांगत होते की मी लहान होते, मला काय कळतं. मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी बायका चित्रासमोर घोटाळल्या. आपणच बसलोय आणि आपण हिरव्या आहोत, हे कोणाला आवडणार. कुजबुज सुरू झाली, हे घर कोणाचं? गुलाबी जाजम कोणाकडे आहे? माझ्या वर्गातली पुष्पी माझ्याजवळ येऊन मोठ्यानं म्हणाली, "इंदे, ही तर तुमची चैत्रगौर गं. आणि दारात तुझी ती बोडकी आत्या."

चार-पाच मुली हसल्या. मला आत्याचं वाईट वाटलं असं मी लिहिलं तर ते वाचायला बरं वाटेल. तसं नव्हतं. मला माझी लाज वाटली. शाळेतली चित्रकार मी, आणि माझी ओळख म्हणजे दारातली बोडकी आत्या. मला त्या क्षणी काहीतरी विनोदी सुचायला हवं होतं, आणि दुर्दैवानं मला नेहमीच सुचायचं.

"छे गं, आमचं कुठलं," मी म्हटलं. "मास्तरांना रंगच दिसत नाहीत. माणूस रातांधळा असतो ना, तसे ते रंगांधळे आहेत. त्यांना लाल आणि हिरवं एकच. म्हणून तर माझ्या लाल वांग्यावर सही केली. चेहरे गोरे काढायला गेले आणि हिरवे झाले. आता ते आलवण तरी खरं लाल होतं की हिरवी पैठणी, देव जाणे."

हशा असा पिकला की बायकासुद्धा वळल्या. 'रंगांधळे' हा शब्द मीच बनवला असं मला वाटत होतं. पुढे तो पुस्तकात भेटला तेव्हा मान खाली गेली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो सगळ्या गावात गेला होता. बायकांनाही तो सोयीचा होता. आपण हिरव्या नाही, मास्तरच आंधळा.

शाळेत बैठक बसली. ड्रॉइंगच्या मास्तरालाच रंग दिसत नाहीत म्हणजे गायनाच्या मास्तराला ऐकू न येण्यासारखं. माझे वडील शाळेच्या कमिटीवर होते. बडनेऱ्याहून रेल्वेचे डॉक्टर आले. गाडी चालवणाऱ्यांना लाल आणि हिरवा कंदील वेगळा ओळखता येतो की नाही, हे पाहण्यासाठी त्यांच्याकडे लोकरीच्या रंगीत लडींची पेटी असायची. मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलावर ती ओतली. मला माझ्या वांग्यासकट बोलावलं होतं. पुरावा म्हणून.

डॉक्टरांनी एक फिकट हिरवी लड पुढे ठेवली. "या रंगाच्या सगळ्या वेगळ्या काढा."

मास्तरांनी लडी खिडकीत नेल्या. एकेक हिरवी काढली. न चुकता. मग टोपी मागे सारली आणि एक राखाडी लड उचलून हिरव्यांत ठेवली. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले.

"ही राखाडी आहे."

"आता राखाडी हाये," मास्तर म्हणाले. "हे लाल तिच्याजवळ ठेवून पाहा, मंग सांगा."

आणि त्यांनी लालभडक लड राखाडीला चिकटवून ठेवली. डॉक्टर कागदावर लिहीत होते. वडील घड्याळ पाहत होते. बाई डॉक्टरांकडे पाहत होत्या. त्या लडीकडे खोलीत फक्त मी पाहिलं. ती हिरवी झाली होती. शपथेवर सांगते, शेवाळाचा हलका हात फिरावा तशी.

"अहो, पण तिचा रंग कोणता?" डॉक्टर जरा वैतागले.

"कोन्या वक्ताचा?" मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी लेखणी टेबलावर ठेवली. मोठ्या बाई मात्र न्यायाच्या होत्या, हे त्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे. त्या म्हणाल्या, "थांबा. हे लाल वांगं त्यांनी लाल आहे हे दिसूनही वाखाणलं असेल, तर दोष डोळ्यांचा नाही, आवडीचा आहे. आवडीसाठी कोणाला काढता येत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "इंदू, वांगं लाल का रंगवलंस, असं मास्तरांनी तुला विचारलं होतं का?"

म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर आलं. 'हो' म्हटलं की मास्तरांना रंग दिसतात. मास्तरांना रंग दिसतात म्हणजे त्यांनी जे काढलं ते पाहून काढलं. पाहून काढलं म्हणजे ते घर आमचं, ती आत्या आमची, आणि मी खोटारडी. वडील माझ्याकडे पाहत होते. खिडकीबाहेर पुष्पी उभी होती. खरं सांगते, मला वडिलांपेक्षा पुष्पीची भीती जास्त वाटली.

"नाही," मी म्हटलं. "नाही विचारलं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते म्हणतील, ही पोरगी खोटं बोलून राह्यली. सगळा वर्ग साक्षीला होता. त्यांनी एकदा माझ्या वडिलांकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "पोरगी म्हनते थे बराबर असन."

त्यांनी माझ्यासाठी असं केलं असं मला तेव्हा वाटलं, आणि मनात थोडा तोराही आला. इतकी मी हुशार. त्यांना माझं काय पडलं होतं? त्यांना डोळे होते हे सिद्ध झालं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मास्तर, आमच्या माजघराच्या दारात तुम्ही कोणाला पाहिलं? आणि त्याचा जाब घरात आत्याला द्यावा लागला असता. पंधराव्या वर्षापासून जिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, तिच्याकडे एका माणसानं नीट पाहिलं होतं, आणि ते तिच्या अंगावर येऊ नये म्हणून तो आंधळा झाला. हे मला फार उशिरा उमगलं, तेव्हा मला नातवंडं झाली होती.

त्या संध्याकाळी आत्या लसूण सोलत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्या चित्रात मी आहे म्हणतात. खरं का गं?"

"कोण म्हणतं?"

"भाजीवाली म्हणत होती." मग टरफलं बाजूला सारून, "कोणत्या रंगात काढलंय मला?"

मी दिवसभर खोटं बोलून थकले होते, पण सवय लागलेली होती. "तू नाहीसच त्यात," मी म्हटलं. "नुसत्या हिरव्या बायका आहेत."

"हो का," आत्या म्हणाली आणि पुढचा लसूण घेतला.

आठ दिवसांनी मास्तर मागच्या दारी आले. हातात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं ते चित्र. आत्या विहिरीवर होती. म्हणाले, "मी जाऊन राह्यलो. हे आत्याबाईले दे. ठेवासाठी नाई, पाहासाठी. मंग चुलीत जायलं तरी चालते." माझ्या डोक्यावर हात ठेवावा की नाही असा त्यांनी थोडा विचार केला. मग बोटं रंगाची आहेत हे लक्षात येऊन हात मागे घेतला.

आता आत्याला ते चित्र कोणत्या तोंडानं द्यायचं? तू त्यात नाहीस, असं मी सांगून बसले होते. उद्या देऊ म्हणून गोठ्यावरच्या माळ्यावर ठेवलं. उद्याचा परवा झाला. मग माझं लग्न ठरलं. आत्या गेली त्या वर्षी माहेरी आले तेव्हा शिडी लावून माळ्यावर चढले. वाळवीनं फडकं तेवढं शाबूत ठेवलं होतं. हात लावला तर आत नुसती माती. एका कोपऱ्यात तळहाताएवढा गुलाबी तुकडा राहिला होता, जाजमाचा. लाल कुठेच नव्हता.

अकोल्याला मी संसाराला होते. पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. गादी भरायला कापूस हवा म्हणून आम्ही दोघं टांग्यानं अकोटच्या रस्त्यावरच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, गेलो. हे आत कचेरीत गेले, मी टांग्यात बसून राहिले. अंगणात दाबलेल्या कापसाच्या गाठींची रांग होती. एक उंच, वाळलेला माणूस अक्षरं कापलेला पत्रा गाठीवर धरायचा, काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा, पत्रा उचलायचा, पुढच्या गाठीकडे जायचा. एका गाठीशी थांबून त्यानं बोटानं टोपी मागे सारली.

मी टांग्यातून उतरले. "मास्तर."

त्यांनी वळून पाहिलं. "लाल वांगं," म्हणाले. माझं नाव त्यांना आठवत नसावं. किंवा हेच माझं नाव असावं.

"इथं कधीपासून?"

"झाले चार वर्सं. बरं हाये. कापूस पांढरा, रंग काळा. दोनच. कोनी परीक्षा घेत नाई."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी उलट काहीतरी बोलले असते.

"मास्तर, त्या दिवशी बाईंनी विचारलं तेव्हा मी..."

"आत्याबाई कशा हायेत?"

"गेल्या. दोन वर्षं झाली."

त्यांनी पत्रा खाली ठेवला. ब्रश डब्यावर आडवा ठेवला, तो थेंब गाळत राहिला. मग म्हणाले, "थ्यायनं पाह्यलं होतं काय थे चित्र?"

हाच तो प्रश्न, ज्याचं खरं उत्तर देण्यासाठी देवानं मला अकोटच्या रस्त्यावर आणून उभं केलं होतं.

"पाहिलं," मी म्हटलं.

"काय म्हनल्या?"

आणि आयुष्यातलं एकच खोटं मी मन लावून रचलं. नुसती स्तुती केली तर मास्तरांना पटणार नाही, हे मला माहीत होतं. "म्हणाली, आलवणाचा लाल बरोबर साधलाय," मी म्हटलं. "पण मोराच्या मानेत जांभळा जरा जास्त झाला."

मास्तर हसले. दात दिसेपर्यंत. तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "जास्तच झाला होता," ते म्हणाले. "थ्यायनंच घालाले लावला, अन् मंग माह्याकडून जास्त झाला. थ्यायले रंग कळे."

हे कचेरीतून बाहेर आले. मागून कोणी कापसाचं बोचकं आणत होतं. टांगेवाल्यानं लगाम उचलला. मी चढून बसले. जे बोलायला उतरले होते ते तसंच तोंडात घेऊन परत निघाले, आणि इतकी वर्षं ते तिथंच आहे. कधी दातांत अडकतं.

फाटकाशी मी मागे वळून पाहिलं. मास्तर पुढच्या गाठीवर पत्रा धरून उभे होते, पण ब्रश फिरवत नव्हते. त्यांच्यामागे गाठी दाबायच्या प्रेसचा मोठा दरवाजा होता, नुकताच गेरूनं रंगवलेला, उन्हात लालभडक. दाढीचे खुंट राखाडी झाले होते. आणि त्या लाल दरवाजापुढे त्यांचा चेहरा हिरवा दिसत होता. अगदी हिरवा, कच्च्या कैरीच्या फोडीसारखा. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. टांगा वळला. कोणी विचारलं नाही.